शंभराला एक

सकाळी मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाची काटेरी बोराटी ओढून रामलिंगानं कळप बाहेर काढला, तेव्हा दोन मेंढ्या जागच्या उठल्या नाहीत. एक थंड पडली होती. दुसरी मान जमिनीला टेकून श्वास ओढत होती आणि तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबत होती. हरणाबाईनं तिच्याजवळ बसून तिची पापणी बोटानं उलटली. आतली कातडी धुतलेल्या पटक्यासारखी पांढरीफट्ट होती.

"रगतच न्हाय हिच्यात," ती नवऱ्याला म्हणाली.

मेलेलीचे पाय धरून रामलिंगानं तिला ओढत बांधाकडं नेलं. तिथं त्याचा बाप धुळाप्पा सुरी घेऊन बसलाच होता. म्हाताऱ्यानं पोट फाडलं, कोठा उघडला आणि तसाच पुढं धरला. आत केसासारखे बारीक, लालसर किडे वळवळत होते. मूठमूठ होते.

"ह्यो असा सुकाळ," धुळाप्पा म्हणाला. "गवात घे म्हनलं देवानं, आन गवातातच मरान घातलं."

भूमकडच्या त्या डोंगरमाथ्यावर पाऊस नसल्याचं रडगाणं दरसालचं. त्या साली मात्र श्रावणापासून लागलेला पाऊस दसरा झाला तरी हटला नव्हता. कुसळवाडीच्या माळाला चिखल झाला, खळग्याखळग्यात पाणी साचलं, गवत गुडघ्याला लागलं. मेंढरं त्या ओल्या गवतावर तुटून पडली आणि महिन्याभरात एकेक करून ढासळायला लागली. पोट भरलेलं, पण अंगावर मांस नाही. लोकर हातानं ओढली तरी पुंजक्यानं निघायची.

आदल्या आठवडी बाजाराला भूमला सरकारी सलोत्री, जनावरांचा डॉक्टर, आला होता. निंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून त्यानं धनगरांना गोळा केलं होतं. हरणाबाई लोकर विकायला गेली होती, ती पुढं होऊन ऐकत उभी राहिली. सलोत्री चांगला माणूस होता, समजावून सांगत होता. पण त्याला जायची घाई होती. परांड्याकडं जनावरांची साथ उठली होती आणि घोडा खोगीर चढवून तयार होता.

"मोरचूद," तो म्हणाला. "एक पौंड मोरचूद, दस गॅलन पानी. बडी मेंढी को दोन औंस पाजो, कोकरूला एक. पहिले रातभर उपाशी ठेवो. आन देखो, अंदाज्या नक्को. ज्यादा हुआ तो मेंढी जाती, कम हुआ तो कीडा ऱ्हाता."

वाटेनं येताना हरणाबाई जात्यावर ओवी घोळवावी तसं ते घोळवत आली. एक पौंड, दहा गॅलन, दोन औंस. पौंड म्हणजे केवढा आणि गॅलन म्हणजे काय, तिला ठाऊक नव्हतं. पण शब्द तिनं सांडू दिले नाहीत.

त्याच गर्दीत सोमलिंगही होता. धुळाप्पाच्या थोरल्या भावाचा मुलगा, शेजारच्याच घरात राहणारा, हाताचा खंबीर आणि जिवाचा उतावीळ. त्यानं त्याच दिवशी बाजारात सापडला तो पाव शेर मोरचूद, निळे खडेच ते, उचलला. दूरदेशीच्या मोठ्या लढाईमुळं माल येत नव्हता, दुकानदाराकडं तेवढाच शेवटचा होता. घरी येऊन त्यानं तो मातीच्या घागरभर पाण्यात विरघळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा अर्धा तांब्या एकेका मेंढीच्या घशात ओतला. पहिल्या अकरा पाजून होईपर्यंत पहिलीनं पाय झाडले. ऊन वर यायच्या आत अकराच्या अकरा आडव्या झाल्या. तोंडातून निळसर फेस येत होता. सोमलिंगाची बायको तारामती अंगणात बसून कपाळ बडवीत होती आणि सोमलिंग त्यांच्यामधून नुसता फिरत होता, जणू कुठली तरी एक अजून उठेल.

तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. पाणवठ्यावर पोरं त्याला 'निळकंठ' म्हणायला लागली होती.

"मामा," मेलेली मेंढी पुरून आल्यावर हरणाबाई सासऱ्याला म्हणाली, "दवा खरी हाय. भावजींचं माप चुकलं."

"या घरात निळ्या पान्याचं नाव काडायचं न्हाय."

"न्हाय काडलं तरी मरायलीतच की."

"देवाच्या हातानं मरू दे. माज्या हातानं नगं." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "सोमाचं त्वांड बघितलंस का? त्या त्वांडानं जगायचं का म्या?"

पण पुढच्या बाजाराला हरणाबाईनं लोकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं ते सरळ वीरप्पाच्या दुकानापुढं उतरवलं.

वीरप्पा लिंगायत वाणी. धान्य, मीठ, राकेल आणि विणकरांसाठी सूत असं त्याचं दुकान. बाजारच्या दिवशी तो भुसाराच्या ढिगावर असायचा आणि दुकानाचा तराजू त्याची बायको शिवगंगा सांभाळायची. तिचं माहेर सोलापूरचं. बाप सुताचा व्यापारी, गिरणीच्या दारातून माल उचलणारा. म्हणून हरणाबाई तिच्याकडं आली होती.

"आक्का, पौंड मंजी किती वो?"

शिवगंगा मीठ तोलत होती. ती हसली. "आमच्या सोलापुरात समदं पौंडातच की गं. का?"

हरणाबाईनं सगळं सांगितलं. मेंढरांचं, सलोत्र्याचं, सोमलिंगाचं. सोमलिंगाचं ऐकताना शिवगंगेचा हात थांबला. मिठाचं गिऱ्हाईक तसंच ताटकळलं.

"आत ये," ती म्हणाली.

तिनं फळीवरून सुताचं एक बंडल काढलं, निळ्या कागदात बांधलेलं. "ह्ये गिरणीचं बंडल. दहा पौंडाचं असतंय, एक दोरा कमी न्हाय की जास्त न्हाय." आढ्याला टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात तिनं ते ठेवलं आणि दुसऱ्यात पक्क्या शेराची वजनं चढवली. पाच शेर टाकले तर वजनाकडचं पारडं खाली गेलं. मग बंडलाच्या बाजूला तोळे टाकत गेली, तेव्हा अकरा तोळ्यांना दांडी सरळ झाली.

"पाच शेराला अकरा तोळं कमी," शिवगंगा पुटपुटली. ऐंशी तोळ्यांचा शेर. तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "तीनशे एकोननव्वद तोळं. मंजी एक पौंड झाला एकोनचाळीस तोळं. अर्ध्या शेराला तोळाभर कमी."

"आन गॅलन?"

"त्ये तर तुज्या पायाजवळच हाय."

हरणाबाईनं खाली बघितलं. राकेलचा रिकामा पत्र्याचा डबा होता.

"चार गॅलनचा डबा असतो ह्यो. माहेरी आमच्या अण्णांच्या तोंडून रोज ऐकायची म्या. दहा गॅलन मंजी असलं अडीच डबं."

"मग एका डब्याला मोरचूद किती?"

शिवगंगेनं डोळे मिटले. "दहाला एकोनचाळीस, तर चाराला..." ओठ हलत राहिले. "साडेपंधरा तोळ्याच्या जराशी वर."

हरणाबाईच्या मनाला ते पटलं. पण सोमलिंगालाही त्या सकाळी पटलंच होतं. "आक्का, राग यिऊ दिऊ नगा. डब्यातलं पानी तोलून बघू का?"

"पानी?"

"एका वाटंनं गेलो तर वाट चुकल्याली कळत न्हाय. दुसऱ्या वाटंनं बी त्याच गावाला पोचलो, तर मग गाव खरं."

शिवगंगेनं तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि पदर खोचला. डबा घासून राखेनं धुतला. हरणाबाईनं आडावरून पाणी आणून तो काठोकाठ भरला. दोघींनी उचलून तो पारड्यात ठेवला तेव्हा रस्त्यावरची माणसं थबकली.

"पानी इकायला काडलं का वो वानीनबाई?" एकजण ओरडला.

"धनगरनीनं लोकर इकली आन पानी घेतलं!"

हशा झाला. कुणीतरी वीरप्पाला हाक मारली, या बघा तुमच्या दुकानात काय चाललंय. हरणाबाईचे कान तापले. डब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं, तशी ती पुन्हा आडावर गेली, लोकांच्या मधून वाट काढत, आणि डबा पुन्हा काठोकाठ भरला. शिवगंगा मात्र एक शब्द न बोलता वजनं चढवत होती. रिकाम्या डब्याचं वजन तिनं आधीच काढून ठेवलं होतं. ते वजा करून ती म्हणाली, "साडेएकोनीस शेराला तीन-चार तोळं कमी. तोळ्यात सांगायचं तर पंधराशे पंचावन्न-छप्पन."

"आन मोरचूद साडेपंधरा," हरणाबाई हळू म्हणाली.

दोघींना बाहेरचा हशा ऐकू येईना.

"शंभराला एक," हरणाबाई म्हणाली. "आक्का, शंभराला एकच की! मंजी पौंड असू द्या, शेर असू द्या, तोळा असू द्या. एकाच तराजूत दोनी तोललं, तर शंभर भार पान्याला एक भार मोरचूद. बस."

"व्हय गं माझे बाई! एवढं सरळ माप चुकून न्हाय जुळत!" शिवगंगेनं तिचा हात धरला. "आन औंस सोळाचा पौंड. एकोनचाळिसाचा सोळावा हिस्सा अडीच तोळ्यांना जरा कमी. दोन औंस मंजी पाच तोळ्याला जरासं कमीच धर."

एवढं झालं आणि मग हरणाबाईनं मोरचूद मागितला, तेव्हा शिवगंगेचा चेहरा पडला. भूममध्ये कुणाकडंही खडा उरला नव्हता. कळंबहूनही माल येत नव्हता.

"एका ठिकानी हाय," हरणाबाई म्हणाली.

शिवगंगेनं तिला आपला लहान तराजू आणि तोळ्यांची वजनं फडक्यात बांधून दिली. वर एक वाक्य दिलं: "चुकलीस तर मला बी पाप हाय, त्यावानी जपून माप."

सोमलिंग परसात दोर वळत बसला होता. हरणाबाई समोर येऊन उभी राहिली तरी त्यानं मान वर केली नाही.

"भावजी, त्या घागरीतलं पानी ओतलं का वो?"

दोर थांबला. "हसायला आलीस व्हय?"

"मागायला आलीय."

तो पुन्हा दोर वळायला लागला. तारामतीनंच दाराआडून सांगितलं, "ओतलं न्हाय. कोंबड्याकुत्र्यानं पिऊन मरू नये म्हनून आत ठिवलंय. फरशीनं झाकून."

"झाकल्यालंच हाय का तवापासनं? उन्हात न्हवतं ना? आटलं तर आनखी कडक व्हतंय."

"आंधारात हाय."

सोमलिंग उठला. आतून घागर त्यानं छातीशी धरून आणली, लेकरू आणावं तशी. फरशी काढली. अर्धी घागर निळ्याशार पाण्यानं भरलेली. हरणाबाईनं तळापर्यंत काठी फिरवली. खडा लागला नाही, सगळा विरघळला होता.

"ह्या घागरीत तुमी पाव शेर टाकला, पुरा?"

"पुरा. वीस तोळं. पुडी झटकली बी व्हती."

"आन पानी गळ्यापातुर?"

"त्या रेघंपातुर." त्यानं घागरीच्या गळ्याखालची कोरलेली रेघ दाखवली.

निळं पाणी मडक्यांत काढून घागर धुतली, रेघेपर्यंत साधं पाणी भरलं आणि ते तांब्यातांब्यानं लहान तराजूत तोललं. संध्याकाळ होत आली होती. रामलिंग कळप घेऊन आला आणि बघत उभा राहिला. धुळाप्पाही आला. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या होत्या, पण तो थांबवायला पुढं झाला नाही. सोमलिंग तांब्या भरून देत होता आणि हरणाबाई प्रत्येक तोलाला भिंतीवर कोळशाची रेघ ओढत होती.

"आठ शेर," शेवटी ती म्हणाली. "साशे चाळीस तोळं पान्यात वीस तोळं. बत्तिसाला एक पडला, भावजी. पायजे शंभराला एक. तिप्पट कडक झालं तुमचं पानी."

सोमलिंगानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आन पाजायचं व्हतं पाच तोळं," हरणाबाईनं त्याचा अर्धा तांब्या तोलला. "तुमी पाजलं तीस. तिप्पट कडक, साप्पट जास्त."

सोमलिंगानं खाली बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मंजी दवा खरी व्हती," तो म्हणाला. "मंजी म्याच."

"दवा खरी हाय," हरणाबाई म्हणाली. "आन तुमी ओतली न्हाय म्हनून आज आपल्यापाशी हाय. दुसऱ्या कुनाकडं न्हाय अख्ख्या भूमात."

एक तांब्या निळं, दोन तांबे साधं. आणि वर पाण्याचा हात किंचित सढळ, कारण बत्तीस त्रिक शहाण्णव, शंभराला चार कमी. मोठ्या रांजणात मिसळलं तेव्हा गडद निळा रंग विझत विझत सकाळच्या आभाळासारखा झाला. सोमलिंग तिथंच वाकून बघत होता. "एवढं फिक्कं?" तो म्हणाला. "म्या तर रंग बघून खूश झालो व्हतो."

रामलिंगानं वेळूची नळी कापून आणली. हरणाबाईनं तिच्यात पाच तोळ्यांना जरा कमी पाणी तोलून ओतलं आणि जिथं पाणी थांबलं तिथं सुरीनं खाच पाडली. कोकरांसाठी त्याच्या निम्म्यावर दुसरी खाच.

"आदुगर कुनाला पाजनार?" धुळाप्पानं विचारलं. हा त्याचा पहिला शब्द.

"माज्या भोरीला."

भोरी तिला बापानं लग्नात आंदण दिलेली मेंढी. तिच्या पोटच्या पाच मेंढ्या कळपात होत्या.

रात्रभर भोरी उपाशी बांधली. सकाळी रामलिंगानं तिला दोन पायांत धरलं, हरणाबाईनं जबडा उघडला, नळी खाचेपर्यंत भरून गालातून हळूहळू सोडली. भोरीनं ठसका दिला, मान झटकली, निळसर थेंब हरणाबाईच्या मनगटावर उडाले. मग ती उभी राहिली. सगळे उभे राहिले. धुळाप्पा बाभळीला टेकून डोळे न हलवता बघत होता. सोमलिंग जवळ आला नाही, आपल्या कुडाच्या पलीकडूनच बघत होता.

ऊन वर आलं. भोरी बसली. तारामतीच्या तोंडून "अगं बया" निघालं. हरणाबाई धावली, तिच्या पोटावर हात ठेवला, कान लावला. भोरी रवंथ करत होती.

त्या दिवशी घरात कुणी भाकरीला नीट हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी लेंड्यांत ते लाल केस दिसले, मेलेले, गुंतावळ्यासारखे. धुळाप्पानं काडीनं ते उलटेपालटे केले, पुन्हा पुन्हा केले. मग काडी फेकून तो उठला.

"रामलिंगा," तो ओरडला, "सांच्याला कळप उपाशी बांद. समदा!"

सगळा कळप पाजायला सकाळपासून दुपार झाली. रामलिंग धरायचा, हरणाबाई पाजायची, धुळाप्पा पाजलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठिपका देऊन पलीकडं ढकलायचा. हरणाबाईचे गुडघे चिखलात रुतून सोलले, बोटं निळी पडली, एका एडक्यानं ढुशी देऊन तिला आडवंही केलं. पण प्रत्येक वेळी ती नळी उजेडाला धरून खाच बघत होती. घाई झाली की रामलिंग म्हणायचा, "बास की," आणि ती म्हणायची, "थांबा."

कळप संपला. रांजणात पाणी अजून उरलं होतं. हरणाबाईनं कुडाकडं बघितलं.

"भावजी, तुमची मेंढरं आना."

सोमलिंग जागचा हलला नाही. "माज्या दावनीला पुन्ना त्ये पानी?"

"तुमचंच पानी हाय. म्या निस्तं पानी मिसळलं."

तो गेला. उरलेल्या मेंढ्या घेऊन आला, आणि पहिली त्यानं स्वतः धरली. हरणाबाईनं नळी त्याच्याच हातात दिली. त्यानं ती डोळ्यांसमोर धरली, खाच बघितली, चार थेंब परत रांजणात सोडले आणि पाजली.

त्यातली एकही गेली नाही. महिन्याभरात जबड्याखालच्या पिशव्या जिरल्या. पापण्या उलटून बघितल्या तर आत लाली होती. थंडी पडली तेव्हा भोरीला जुळं झालं, आणि दोन्ही कोकरं उभी राहून आचळाला लागली.

बातमी माळामाळानं फिरली. संक्रांतीच्या सुमाराला सलोत्री साहेब कुसळवाडीत घोड्यावरून उतरला. त्यानं मेंढ्यांचे डोळे बघितले, भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा बघितल्या, नळीची खाच बघितली, आणि हरणाबाईला सगळा हिशेब पहिल्यापासून सांगायला लावला. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"साहेब, बराबर हाय का?" शेवटी तिनं विचारलं.

"एकदम बराबर," तो म्हणाला. "म्या पौंड-गॅलन बोलके गया. शंभराला एक बोलना व्हता. आता म्या हर गाव में तेच बोलतो." घोड्यावरची पिशवी सोडून त्यानं मोरचुदाचा डबा तिच्यापुढं ठेवला. "उस्मानाबादहून लाया. इधरच्या समद्या वाड्या तुमी पाजो."

धुळाप्पानं पटका सारखा केला. सुनेसमोर तो कधी हसत नसे. त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसले.

मग ठरल्या दिवशी वाड्यावाड्यांचे कळप कुसळवाडीच्या माळावर आले. सूर्य वर येण्याआधीच डोंगराच्या चारी अंगांनी मेंढरं उतरत होती. धुळीनं माणसं दिसेनात, नुसते पटके आणि काठ्या दिसायच्या. बाभळीच्या फांदीला शिवगंगेचा तराजू टांगलेला होता. ती स्वतः नवऱ्याच्या छकड्यात बसून आली होती आणि वजनं पुसून मांडत होती. म्हातारा धुळाप्पा आडावरून खांद्यावर पाणी वाहत होता. रामलिंगानं त्याच्या खांद्यावरची घागर घ्यायला हात केला तर त्यानं तो झिडकारला.

हरणाबाई पारड्यात मोरचुदाची भुकटी टाकत होती. दांडी हलत होती. एक चिमूट टाकायची, थांबायचं. एक कण काढायचा, थांबायचं.

रांगेत पुढं उभा असलेला पलीकडच्या वाडीचा एक धनगर कावला. "आगं बाई, इतकं काय सोनं तोलायलीस? टाक की अंदाजानं. सांज व्हईल इथंच."

सोमलिंग रांजण ढवळत होता. त्यानं काठी बाहेर काढली, सरळ त्या माणसासमोर गेला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अंदाजानं म्या अकरा मेंढ्या मारल्यात. ह्या हातानं. माझं नाव सोमलिंग. घाई आसंल तर तुजी तू घिऊन जा, न्हायतर गप हुबा ऱ्हा."

माळावर कुणी हसलं नाही. त्या धनगरानं पटका काढून बगलेत मारला आणि मेंढीचा कान धरून आपल्या जागी उभा राहिला.

दांडी सरळ झाली. हरणाबाईनं पारडं रांजणात उलटं केलं आणि मान वर केली.

"आना पुढं," ती म्हणाली.